सव्वीस भुंग्यांच्या चिठ्ठ्या

तिसरा बसथांबा मागे पडला तेव्हा मी म्हटलं, "वन्सं, जरा टेका तरी कुठे. गुडघे सुजतील तुमचे."

"गुडघे माझे आहेत," वन्सं म्हणाल्या आणि पाय आणखीनच उचलले.

त्यांच्या संस्थेच्या फाटकापासून आमचं घर आठ किलोमीटरवर. एरवी त्या बसनेच येतात-जातात. त्या दिवशीही बस आली होती, समोर थांबली होती, दारही उघडलं होतं. वन्संनी तिच्याकडे असं काही पाहिलं की कंडक्टरने न विचारताच घंटी मारली. "बसले तर फुटेन मी," एवढं बोलून त्या चालायला लागल्या. मागे मी, हातात त्यांचा डबा आणि खांद्यावर पिशवी. टायरची दुकानं गेली, लाकडाची वखार गेली, पाण्याची टाकी गेली. साठीला टेकलेली बाई, पण मला तिच्यामागे जवळजवळ पळावं लागत होतं.

त्यांच्या पर्समध्ये एक टाइप केलेला कागद होता. दहा ओळींचा. त्यातली चौथी ओळ मला तेव्हाच पाठ झाली होती आणि अजून आहे: 'माझ्या अज्ञानामुळे व निष्काळजीपणामुळे संग्रहातील आठ भुंग्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.' खाली सहीची जागा मोकळी. दुसऱ्या दिवशी अकराच्या आत सही झाली, तर सात आठवड्यांनी वन्सं सन्मानाने निवृत्त. नाही झाली, तर चौकशी, आणि ती संपेपर्यंत निवृत्तीचे कागद साहेबांच्या कपाटात.

"निष्काळजीपणा एकवेळ लिहा म्हणावं," वन्सं समोर बघूनच बोलत होत्या. "माणूस आहे, हातून वस्तू पडते. पण अज्ञान? एकतीस वर्षांनी अज्ञान? हा साहेब दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा भुंग्यांची पेटी कुठल्या बाजूने उघडते ते मी दाखवलंय त्याला!"

वन्सं माझ्या नवऱ्याच्या मोठ्या बहीण. लग्न केलं नाही. का नाही, याची कारणं नातेवाइकांनी इतकी शोधून ठेवली आहेत की त्यांना स्वतःला एकही शोधावं लागलं नाही. माझं लग्न होऊन मी घरात आले तेव्हा त्या नुकत्याच संस्थेच्या कीटक-संग्रहात शिपाई म्हणून लागल्या होत्या. काम काय, तर कपाटं पुसायची, पेट्यांमधल्या डांबरगोळ्या बदलायच्या, साहेबांना चहा द्यायचा. त्यांच्या कपड्यांना बाराही महिने डांबरगोळ्यांचा वास. त्यांच्या साड्या मी वेगळ्या दोरीवर वाळत घालायची, त्यावरूनच आमचं पहिलं भांडण.

त्या वेळी संग्रह सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुसऱ्या वर्षी एकदा वन्सं पेटी पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, या पेटीत एक परका बसलाय." मास्तर हसले. तीस तपकिरी भुंगे एका ओळीत, सगळे सारखे. "कुठला?" वन्संनी बोट ठेवलं. मास्तरांनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं, मग ते भिंगच वन्संच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आता कशावरून ते सांग." त्या दिवसापासून त्यांचं शिक्षण सुरू झालं. शाळा आठवीत सुटलेली. पण मास्तर गेले तेव्हा संग्रहातली कुठली पेटी कुठे आणि आत कोण, हे सांगणारं एकच माणूस उरलं होतं. ते सकाळी चहा करायचं. ऑफिसातले लोक चिडवायला भुंगेबाई म्हणायला लागले. पुढे चिडवण्यातली चेष्टा गेली आणि नावच राहिलं.

ज्या पेटीवरून हा कागद निघाला, तिच्यातल्या सव्वीस भुंग्यांत दोन प्रकार होते. लॅटिन नावं दोघांची लांबलचक, एकाच आडनावाची. वन्सं त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. सख्ख्या बहिणी असाव्यात तशा. मलाही त्यांनी एकदा दाखवल्या होत्या. काड्यापेटीत कापूस घालून घरी आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. टेबलाच्या वरच माझं देवघर.

मी ओरडले, "वन्सं! देवासमोर मेलेले किडे?"

"त्यानेच केलेत ना? मग बघू दे की त्यालाही."

भिंगातून बघायला लावलं. मी आधी रंगच बघितला. एक काळसर, एक तांबूस.

"रंगावर जायचं नाही," त्या म्हणाल्या. "नुकता मातीतून वर आला की फिका असतो, मग गडद होतो. आकारावरही नाही. अळी असताना खायला कमी मिळालं की थोरलीसुद्धा बारकी राहते. अंगावरची लव बघायची नाही, म्हातारपणी झडते. तुझ्या नवऱ्याचे केस बघ."

"मग बघायचं काय?"

"पायाची नखी बघ. दोन नख्या आहेत ना? प्रत्येकीला खालून एक दात आहे. थोरलीचा दात नखीच्या मधून निघतो, सरळ. धाकटीचा टोकाजवळून, आणि कललेला. मग तोंडाची पुढची कड बघ. थोरलीची मधे जराशी आत गेलीय, नखाने दाबल्यासारखी. धाकटीची सपाट. पाठीवर बारीक खड्डे आहेत ते बघ, एकीचे दाट, एकीचे विरळ. एका खुणेवर कधी बोलायचं नाही. तीन खुणा एकच बोलल्या तर बोलायचं."

"आणि तिघींचं जमलं नाही तर?"

"तर नर बघायचा आणि त्याचा मागचा भाग उघडून बघायचा. तिथे लबाडी चालत नाही."

"वन्सं, अहो, जेवणाचं टेबल आहे!"

त्या इतक्या हसल्या की भिंग पडता पडता राहिलं. पण मी पुन्हा डोळा लावला होता. मुगाच्या दाण्याएवढ्या पायाच्या टोकाला नखी, नखीला दात, आणि तो दातसुद्धा दोघींचा निराळा घडवलेला. एवढ्याशा जागी एवढी काळजी घेणारा कोण, ते मला माहीत होतं. मी मनातल्या मनात हात जोडले. थोरलीची अळी झाडांची जिवंत मुळं खाते आणि धाकटीची नुसता कुजलेला पाला, हेही त्यांनीच सांगितलं. "म्हणून ओळखायची. नाहीतर थोरलीच्या रागाने लोक धाकटीवर विष ओततात."

आता चिठ्ठ्यांचं सांगते, कारण सगळा घोळ तिथे आहे. प्रत्येक भुंगा टाचणीवर खोचलेला असतो आणि त्याच टाचणीवर, त्याच्या पायांखाली, कागदाची एक इवलीशी चिठ्ठी. कोण, कुठे सापडला, कधी, कोणी धरला. भुंगा आणि चिठ्ठी कधी वेगळे करायचे नाहीत, हा संग्रहाचा पहिला नियम. मास्तर म्हणत, चिठ्ठीशिवाय भुंगा म्हणजे नुसतं मेलेलं किडूक.

आताच्या साहेबांना फोटोंचं पुस्तक काढायचं होतं. फोटोत चिठ्ठ्या खालून डोकावायला लागल्या, दिसायला वाईट. साहेबांनी सव्वीसच्या सव्वीस चिठ्ठ्या काढून बशीत ठेवल्या. फोटो झाल्यावर परत लावल्या. मोठा आणि काळसर दिसला की थोरलीची चिठ्ठी, लहान आणि तांबूस दिसला की धाकटीची. झालं काम!

हे घडलं तेव्हा वन्सं तिथे नव्हत्या. त्या आमच्या घरासाठी हॉस्पिटलात होत्या. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि मुलगा परगावी. रात्री मी आणि दिवसभर वन्सं, असे चार दिवस. त्यांची रजा उरली नव्हती. साहेब स्वतःच म्हणाले होते, "जा हो तुम्ही, किल्ली ठेवून जा. आल्यावर मस्टरवर सह्या करून टाका, मी बघतो." केवढे चांगले साहेब म्हणून मी घरी त्यांच्यासाठी देवाजवळ दिवा लावला होता. आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

परत आल्यावर वन्संनी पेटी उघडली आणि पहिल्या ओळीतच थबकल्या. थोरलीच्या पायांखाली धाकटीची चिठ्ठी. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "बघू सावकाश." चार महिन्यांनी बाहेरून एक तज्ज्ञ आले, पेटी बघितली आणि गेल्यावर पत्र पाठवलं, की आठ भुंग्यांच्या चिठ्ठ्या चुकीच्या आहेत, याला जबाबदार कोण? आणि साहेबांना जबाबदार माणूस सापडला.

त्या दिवशी वन्सं चष्मा घरी विसरल्या होत्या, तो द्यायला मी संस्थेत गेले आणि नेमकी त्या खोलीत अडकले. लांब टेबल, खिडकीशी सूक्ष्मदर्शक, मध्ये उघडी पेटी. टेबलामागे साहेब, बाजूला सव्वीसही भुंग्यांची यादी असलेलं तज्ज्ञांचं पत्र घेऊन हेडक्लार्क. मला दाराजवळच्या बाकावर बसायला सांगितलं.

"बरं झालं चष्मा आणलात," साहेब मला म्हणाले. "बाईंना सही कुठे करायची ते दिसेल."

"सही कसली?" वन्संनी कागद वाचला. सावकाश वाचतात त्या, ओठ हलवत. साहेब टेबलावर पेन वाजवत होते. "साहेब, चिठ्ठ्या फोटोसाठी निघाल्या. तुम्ही काढल्यात."

"मी? टाचण्या-चिठ्ठ्या शिपायाचं काम."

"मी नव्हतेच इथे. किल्ली तुमच्या हातात देऊन गेले होते मी."

"नव्हतात? कधी?" साहेबांनी मस्टर त्यांच्याकडे फिरवलं. "त्या आठवड्यात तुम्ही रोज हजर आहात. ही सही कोणाची?"

वन्संनी बोट ठेवून चारही सह्या बघितल्या. त्या चार सह्या त्यांच्याच होत्या. खोट्या होत्या, पण त्यांच्याच. एकतीस वर्षांत केलेली एवढी एकच लबाडी, तीही आमच्यासाठी, आणि तिनेच त्यांचा गळा धरला होता. साहेबांना हे माहीत होतं. मला माहीत होतं. मी बाकावर बसले होते आणि मी काही बोलले नाही.

वन्संनी चष्मा लावला. "साहेब, अज्ञान म्हणता ना? मग चिठ्ठ्या झाका. मी सांगते. हेडक्लार्क, तुम्ही त्या तज्ज्ञ पाहुण्यांच्या पत्राशी ताडून बघा."

"त्याची काही गरज नाही. लॅटिन नाव तरी घेता येतं का तुम्हाला?"

"नाही येत. पहिली घेते."

हेडक्लार्कनी चिठ्ठ्यांवर कागद धरला. वन्संनी भिंग डोळ्याला लावलं. "थोरली. ही थोरली. ही धाकटी, नर. ही बारकी आहे, पण थोरलीच. धाकटी." घरात गहू निवडतात तशा आवाजात. एकीपाशी थांबल्या, टाचणी उचलून उजेडाकडे धरली, "हिची ही नखी तुटलीय, दुसऱ्या पायाची बघू दे… धाकटी." हेडक्लार्कचं पेन्सिलीने टिक करणं तेवढं ऐकू येत होतं. शेवटी ते खाकरले आणि साहेबांकडे न बघता म्हणाले, "सव्वीसच्या सव्वीस बरोबर, साहेब."

मला वाटलं, सुटलो. मी मनात देवाचं नाव घेतलं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "बघा! एवढं कळतं बाईंना. म्हणजे चुकून होणं शक्यच नाही. मुद्दाम केलं."

"काय?"

"अज्ञान नसेल तर हेतू असणार. आता अज्ञान लिहायचं की हेतू, तुम्हीच ठरवा. अज्ञानाला माफी आहे, मी ती देतोय. उद्या अकरा."

हेडक्लार्कनी पत्राची घडी घातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मी काय केलं असेल? मांडीवरच्या डब्याचं झाकण घट्ट केलं. वन्संनी भिंग पुसलं, जागच्या जागी ठेवलं, पेटी बंद केली, कागद पर्समध्ये टाकला आणि निघाल्या.

तर असं ते चालणं. पाण्याच्या टाकीनंतर रस्ता जरा चढाचा आहे. दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती. वन्संचा श्वास वाजायला लागला होता, पण तोंड थांबलं नव्हतं. "माफी देतोय म्हणे! कुठला हा? रंग बघून चिठ्ठ्या लावतो, वर तोंड करून माफी देतो! मास्तर असते तर पेटीसकट बाहेर काढला असता ह्याला."

आणि तेव्हा मी बोलले. खरं सांगते, मला घर दिसत होतं. हे अजून नाजूकच होते. चौकशी म्हणजे काय, ती कुठवर जाईल, मला काही कल्पना नव्हती. मी म्हटलं, "वन्सं, करून टाका ना सही. एक कागद तो. खरं काय ते देवाला माहीत आहे."

त्या थांबल्या. संस्थेपासून पहिल्यांदा. एक सायकलवाला आमच्यामुळे कडेला वळला आणि काहीतरी पुटपुटला.

"देवाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पेटीला कुठे माहीत आहे?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"इकडे बघ. किती चिठ्ठ्या चुकल्या म्हणालाय तो पाहुणा?"

"आठ."

"त्याला आठ दिसल्या. धाकटीला थोरलीचं नाव, थोरलीला धाकटीचं, ते कोणालाही दिसेल. राहिल्या अठरा. तिथे थोरलीखाली थोरलीचीच चिठ्ठी आहे. पण कुठल्या थोरलीची? ही विहिरीजवळ सापडली का टेकडीवर? चाळीस वर्षांपूर्वी का परवा? ते भिंगातून दिसत नाही गं. मलाही नाही दिसत." त्यांचा आवाज चिरकला आणि त्याचाच त्यांना राग आला. "सव्वीसही चिठ्ठ्यांना दोन-दोन भोकं आहेत. एक जुनं, एक नवं. म्हणजे सगळ्याच सुटल्या होत्या. हा उद्या माझी सही घेईल, आठ चिठ्ठ्या इकडच्या तिकडे करेल, 'दुरुस्त' असा शेरा मारेल. आणि त्या अठरा तशाच बसतील, साळसूद तोंड करून. पन्नास वर्षांनी कोणी ती पेटी उघडेल, चिठ्ठी वाचेल, आणि तिच्या भरवशावर कुठल्यातरी बागेत विष ओतेल. सव्वीसही भुंग्यांखाली 'शंका आहे' अशी एक चिठ्ठी लागली पाहिजे. आणि मी आठवर सही केली, तर ती कधीच लागणार नाही."

इतकी वर्षं मी या बाईला हट्टी म्हणत आले. माहेरी गेले की बहिणींना सांगायचे, माणसांपेक्षा किड्यांची काळजी जास्त आहे आमच्या वन्संना. आणि आत्ता मला राग येत होता, पण तो साहेबाचा किती आणि माझा स्वतःचा किती, ते निवडता येईना.

"पण मस्टर?" मी म्हटलं. "त्या सह्या दाखवल्या त्याने."

"सह्या खोट्या आहेत, ते सांगणार मी. ती चूक माझी, ती मी कबूल करीन. त्याची शिक्षा देतील ती घेईन. जे केलं ते केलं म्हणेन. जे येतं ते येत नाही म्हणणार नाही."

"मग आत्ताच का नाही सांगितलंत तिथे?"

वन्संनी माझ्याकडे अशी नजर टाकली की विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "कारण तो म्हणेल, आता सुचलं तुम्हाला. पुरावा काय? माझ्या एकटीच्या शब्दाला त्या खोलीत काय किंमत आहे ते बघितलंस की तू. आणि बाळचं नाव निघेल त्यात."

बाळ म्हणजे माझे यजमान, वय वर्षं पंचावन्न.

गोदामांची भिंत संपून उतार लागला. खाली आमच्या भागातले दिवे लागत होते. वन्संनी माझ्या हातातला डबा आपल्याकडे घेतला, कशासाठी कोण जाणे, आणि पहिल्यांदाच माझ्या पावलाशी पाऊल जुळवून चालायला लागल्या. मग नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाल्या:

"हॉस्पिटलात दिवसभर थांबायचा तो पास होता ना, माझ्या नावाचा, तारखा घातलेला? असेल तर शोध. नसला तरी चालेल. तू चल उद्या माझ्याबरोबर. बाकावर बसायचं नाही, टेबलापाशी उभं राहायचं. आणि हेडक्लार्कच्या समोर सांगायचं की ते चार दिवस ही बाई माझ्या नवऱ्याच्या उशाशी होती. माझ्यासाठी रडायचं नाही, साहेबांना विनवायचं नाही, तेवढंच सांगायचं. आणि हे बघ, बाळला आज काही बोलू नकोस. आज सांगितलंस तर तो मला सही करायला लावेल आणि तुला घरात ठेवेल. येशील का?"